सहाव्या दिव्याचा उंबरठा

ज्या कामावर माणसाचे घर चालते, ते काम कधी कधी त्याच्याकडून एखादी मोलाची गोष्ट हळूहळू काढून घेते; आणि ती गेल्याचा दोष मात्र लोक त्या माणसालाच देतात. दोष देणाऱ्यांचे मन वाईट असतेच असे नाही. समोरच्याचे काय हरपले आहे हे त्यांना दिसत नाही, एवढेच. मित्रांनो, अशी एक न दिसणारी गोष्ट दाखवून देण्याचे भाग्य माझ्या वाट्याला आले. आता मी फार जुना झालो आहे. म्हणून आठवते तोवर ते तुम्हांला सांगून ठेवतो.

मी कोणी मोठे यंत्र नव्हे. आवाज किती मोठा आहे हे दिव्यांनी दाखवणारा मी एक लहानसा संच. एका ओळीत दहा लाल एलईडी, एक काळी आयसी, बोटाच्या पेराएवढा माईक आणि हे सारे जिच्यावर बसवायचे ती तळहाताएवढी पट्टी. कोणी कुजबुजले तर माझा एखादाच दिवा लागतो. कोणी ओरडले तर दहाही उजळावेत. परंतु जन्मतः मी असा जोडलेला नव्हतो. लॅमिंग्टन रोडवरच्या एका चिंचोळ्या दुकानात, प्लॅस्टिकच्या पिशवीत सुटा सुटा होऊन मी खिळ्याला टांगलेला होतो. कसे जोडायचे याचा कागद माझ्याबरोबर घडी घालून ठेवला होता. जोडणारे हात मिळेपर्यंत माझ्यासारख्याला आयुष्य नसते.

ते हात तुळसाचे होते. दादरला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या वर्गात ती शिकत असे. वर्गात बाकी सगळे मुलगे. ही एकटी मुलगी. वर्गाचे जयवंत सर म्हणाले होते, "प्रत्येकाने एक किट स्वतः जोडून आणायचं. दिवे लागले तर पास." तिने मला निवडले आणि लालबागला तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत नेले.

ते साल चौऱ्याऐंशी. गिरण्यांचा संप सुरू होऊन दोन वर्षे उलटली होती. तुळसाचे वडील गुणाजी सव्वीस वर्षे साचेखात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या विभागात, विणकर होते. शेकडो साचे एकदम चालू असतात तिथे शेजारी उभ्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. म्हणून साचेवाल्यांची एक रीत असे. ते आवाज काढीतच नसत. नुसते ओठ हलवीत, आणि समोरचा ते ओठ वाचून उत्तर देई. तशा वीस-वीस हातांवरून थट्टामस्करी चाले, घरची सुखदुःखे सांगितली जात. त्या गदारोळाने गुणाजींचे कान मात्र हळूहळू मिटत गेले. गिरणीत त्यामुळे काही अडले नाही. गिरणी बंद झाली, गुणाजी घरी बसले, तेव्हा ते बहिरेपण उघडे पडले.

स्वतःचा आवाज ज्याला नीट ऐकू येत नाही, तो मोठ्याने बोलतो. गुणाजी "पाणी दे" म्हणाले तरी मजल्याला वाटे, भांडण लागले. शेजारचे रघू गॅलरीतून हाक देत, "गिरणी बंद पडली, पण ह्यो साचा काय बंद होत नाय!" मजला हसे. हसणाऱ्यांची तोंडे दिसत, म्हणून गुणाजीही हसत. आपल्यावरच हसताहेत हे त्यांना कळत नसे.

दादरला साड्यांच्या एका दुकानात त्यांना काम लागले होते. त्यांनी "या ताई, बसा!" असे म्हटले की बाई दचकून उठे. चौथ्या दिवशी मालकाने हात जोडले. मग परळच्या एका प्रसूतिगृहात पहारेकरी म्हणून गेले. तिथे निजलेली बाळे जागी होऊ लागली. दोन्हीकडून निरोप एकच, माणूस चांगला आहे, पण फार रागीट. घरी त्यांची पत्नी जाईबाईही "अवो, हळू, हळू" म्हणून थकल्या होत्या. चार घरचे डबे रांधून त्या संसार ओढीत होत्या. शेवटी गुणाजींनी बोलणेच टाकले. सहा-सहा दिवस त्या खोलीत त्यांचा शब्द नसे.

अशात जयवंत सरांनी तुळसाला सांगितले, "गिरगावात आमच्या ओळखीच्या वाचनालयात माणूस हवाय, तुझ्या वडिलांना पाठव. पुस्तकं काढून द्यायची, जागेवर लावायची. चिटणीस हेरंबराव भले गृहस्थ आहेत. पण वाचनालय आहे, बाई. तिथे शांतता लागते." भेटायला जायचे ते पुढच्या सोमवारी. मध्ये आठ दिवस होते.

त्याच दुपारी तुळसाने पाटावर मला मांडले आणि कथिलाचे डाग द्यायला घेतले. पाच दिवे नीट बसले. सहावा हातात असताना दारातून गुणाजींची हाक आली. कितीतरी दिवसांनी आलेली ती हाक होती. "तुळसे!"

तिचा हात उडाला. दिव्याला दोन पाय असतात, एक लांब, एक आखूड. त्यांची अदलाबदल झाली आणि ध्यानात यायच्या आत डागही पडला. उलटा बसलेला दिवा कधी लागत नाही. माझा सहावा दिवा असा जन्मतःच आंधळा झाला.

सारे जोडून तिने सेल लावला. गुणाजी वाकून पाहत होते. "ह्या काय गो?" त्यांनी विचारले.

माझे नऊच्या नऊ दिवे भडकले. गुणाजी थबकले. "पेटलं कशानं?"

पुन्हा नऊ. तुळसाने त्यांच्या गळ्याकडे बोट केले, मग माझ्याकडे. मग स्वतः हळूच म्हणाली, "बाबा." तीन दिवे लागले. "आता तुम्ही बोला."

"तुळसे." नऊ.

मित्रांनो, त्या क्षणी त्या मुद्रेवर जे उमटले ते मी कधी विसरलो नाही. माणूस आरशात प्रथमच आपले रूप पाहतो, तसे गुणाजी आपला आवाज पाहत होते.

"येवढ्यानं बोलतंय मी? रोज?"

"रोज, बाबा."

"मग सांगलं नाय कधी?"

"सांगितलं ना! आई रोज सांगते."

"ती तोंड फिरवून, हात झाडून सांगता. माका वाटायचा, ती माझ्यावर रागावली." ते जाईबाईंकडे वळले. मग म्हणाले, "तुमका वाटायचा, मीच रागावलंय. व्हय?"

चुलीपाशी जाईबाईंनी पदर तोंडाशी धरला. दोन वर्षे त्या घरात कोणी कोणावर रागावलेच नव्हते.

त्या संध्याकाळपासून पाण्याच्या पिंपावरच्या फळीवर माझी जागा झाली आणि गुणाजींचा अभ्यास सुरू झाला. आधी नऊ, मग आठ. श्वास किती सोडायचा, गळा कुठे आवळायचा, हे ते नव्याने शिकत होते. तुळसाला माझा सहावा दिवा सलत होता. काढून सुलटा बसवायला ती निघाली, तर गुणाजींनी तिचा हात धरला.

"ऱ्हवांदे. ताण्यावर रंगाची खूण असता ठावक हा? ती इली की कळता, कापडाचो तागो पुरो झालो, हयसर कापूचा. ह्यो काळो दिवो म्हणजे माझी खूण. हेच्या अलीकडे ऱ्हवलंय तर घरातलो आवाज. पलीकडे गेलंय, की साचेखातो."

सर्वांनी ज्याला चूक म्हटले असते, त्यात त्यांना उंबरठा दिसला. रविवारपर्यंत ते पाचाच्या आत बोलू लागले. रघूंनी गॅलरीतून डोकावून विचारले, "जाईवयनी, गुणाजी घरात नाय काय?" तेव्हा गुणाजी चार दिव्यांत म्हणाले, "आसंय. तुझोच आवाज मोठो लागता." त्या दिवशी मजला रघूंवर हसला.

सोमवारी तुळसाने मला साबणाच्या डबीत बसवले, झाकणाला दिव्यांपुरती चीर पाडली, त्यावर वडिलांचे नाव-पत्ता कोरला आणि गुणाजींच्या हाती दिले. एकटेच गेले ते. उंच छताचे वाचनालय, मधोमध लांब टेबल, वर्तमानपत्रांत बुडालेली माणसे. माझे सारे दिवे विझलेले. मला घेऊन गुणाजी भिंतीशी बोलावण्याची वाट पाहत बसले. ते काम मिळाले नसते, तर त्यांनी पुन्हा बोलणे सोडले असते, आणि या वेळी कायमचे.

हेरंबरावांनी समोर बसवून विचारले, "नाव काय आपलं?"

गुणाजींनी मला टेबलावर ठेवले आणि उत्तर दिले. माझा एकही दिवा लागला नाही. त्यांना वाटले, उत्तम झाले.

"काय म्हणालात?"

पुन्हा ओठ हलले. दिवे काळेच. भीतीने त्यांचा गळा सव्वीस वर्षांच्या वळणावर गेला होता. ते साचेखात्यातले बोलणे बोलत होते. नाव, गाव, अनुभव, सारे व्यवस्थित, केवळ ओठांनी. मला ओरडून सांगावेसे वाटले, परंतु मला आवाज कुठला? मी फक्त काळा राहून खरे ते दाखवू शकत होतो.

हेरंबराव पुढे झुकले. एकेक शब्द स्पष्ट उच्चारीत म्हणाले, "अहो, जरा मोठ्याने बोला."

गुणाजींनी ते ओठ वाचले. पुन्हा वाचल्यासारखे पाहत राहिले. मग त्यांना हसू फुटले, आणि हसता हसता डोळे भरून आले. "साहेब," ते म्हणाले, "दोन वर्सांत ह्या माका कोणीच सांगूक नाय."

हे मात्र सात दिव्यांत झाले. चार सभासदांनी माना वर केल्या. गुणाजींनी माझ्याकडे पाहिले, खुणेच्या अलीकडे आले, आणि चार दिव्यांत सारी हकिगत सांगितली: साचे, कान, दुकान, बाळे, मुलीने जोडलेला मी, उलटा बसलेला दिवा. एवढ्यात पलीकडच्या टेबलावर दोन सभासद क्रिकेटवरून हमरीतुमरीवर आले आणि माझे नऊही दिवे लागले.

हेरंबरावांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग त्या दोघांकडे. "उद्यापासून या," ते गुणाजींना म्हणाले. "आणि ही डबी इथेच राहू द्या. तुमच्यापेक्षा आमच्या सभासदांना तिची गरज अधिक आहे."

अकरा वर्षे मी त्या टेबलावर होतो. थोड्याच दिवसांत लोकांच्या एक ध्यानात आले: खोलीच्या त्या टोकाला कोणी पुटपुटले की अमुक पुस्तक सापडत नाही, की या टोकाचे गुणाजी ते घेऊन हजर होत. ओठ वाचायची साचेखात्याची विद्या कामाला आली होती. गिरणीने त्यांच्याकडून जे नेले, त्याच्या बदल्यात हे एक नकळत ठेवून गेली होती.

पुढे गुणाजी निवृत्त झाले. टेबल बदलले, मी एका खणात गेलो. आत सेल पाझरला, तारा हिरव्या पडल्या. किती वर्षे गेली ते अंधारात कळले नाही. खण रिकामा करताना कोणी मला टाकून देणार होते. झाकणावरचे गुणाजींचे नाव पाहून त्याने घरी पोहोचवले, म्हणून वाचलो. तुळसाने, जिचे आता दादरला स्वतःचे दुरुस्तीचे दुकान आहे, मला उघडले, ब्रशने पुसले, नवी तार जोडली. सहाव्या दिव्यापाशी तिची डाग द्यायची सळई क्षणभर थांबली, आणि पुढे गेली.

मला तिने खाटेशेजारी ठेवले. गुणाजी फार थकले होते. त्यांनी मला ओळखले. "इलंस?" ते म्हणाले. माझा एकच दिवा लागला.

जाईबाई भाजी निवडीत होत्या. गुणाजींनी त्यांना हाक मारली. त्यांचेही कान आता वयाने मंदावले आहेत. त्यांनी मान वर केली नाही. म्हणून गुणाजींनी पुन्हा हाक मारली. दोन दिवे.

"काय म्हणताव?" जाईबाई वळल्या. "अवो, मोठ्यानं बोला ना!"

गुणाजी हसले. मग जाईबाई भाजीची परात बाजूला सारून उठल्या आणि खाटेवर त्यांच्या अगदी समोर येऊन बसल्या, चेहऱ्यासमोर चेहरा आणून. गुणाजींचे नुसते ओठ हलले. काय बोलले ते मला कळले नाही. माझे दिवे विझलेलेच होते. जाईबाईंना कळले.

मित्रांनो, कोणाचा आवाज चढलेला वाटला, तर रागाचा शिक्का मारण्यापूर्वी एकदा त्याच्या समोर जाऊन बसा. आणि चुकलेला प्रत्येक दिवा घाईने उपटू नका. ज्यांचे कान श्रमांत गेले, त्यांना समोर बसून बोलणारी माणसे लाभोत. ज्या हातांनी मला जोडले, ते हात सदा स्थिर राहोत. आणि त्या खोलीतल्या दोघांचे बोलणे असेच, आवाजावाचून, एकमेकांना पोहोचत राहो.