आईचा हंडा

दादाचा तो गोडगोड आवाज ऐकला की धाकटीला शिसारी यायची. ती प्रयोगशाळेत मेंदूतल्या प्रथिनाच्या बारक्या तुकड्यांत तांब्याचे आयन मिसळायची आणि त्यांच्या गुठळ्या कशा होतात ते बघायची. एकदा जेवताना तिने हे सांगितलं मात्र, दादाने लगेच आईचा तांब्याचा हंडा आपल्या घरी उचलून नेला. "असलं विष आईजवळ नको!"

आईला सगळ्याचा विसर पडला होता, पण रोज तो हंडा घासणं तिच्या हातांना आठवत होतं. आता ती नुसती मांडीच घासत बसायची.

"अरे, विसरण्याच्या या आजारात मेंदूतल्याच तांब्याचा तोल जातो. हंड्याचा काय संबंध?" धाकटी व्हिडिओ कॉलवर कडाडली.

"आईच्या जिवापुढे हंड्याचं काय घेऊन बसलीस?" दादाने गळा काढला. त्याच्यामागे दिवाणखान्यात तोच हंडा लख्ख उजळून ठेवला होता. वर त्यात शोभेचं झाड!

तेवढ्यात धाकटीच्या शेजारी बसलेली आई फोनजवळ सरकली. तिचे डोळे चमकले.

"बघ, आईने ओळखलं मला!" दादा हरखला.

"माझा हंडा," आई म्हणाली. "आणि हा मेला कोण?"