उचलण्याची तालीम

बाळंतपण होईपर्यंत अंथरूण सोडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं तेव्हा भाचीनं फोन केला तो बापाला नाही, आत्याला. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. नवरा सकाळी कामाला जाई तो अंधार पडल्यावरच घरी उगवे. "बाबा आले तर उशाशी बसून काळजी करतील, आणि मलाच त्यांना धीर देत बसावं लागेल," ती म्हणाली. "तू ये ना."

आत्याला सगळे मास्तरीण म्हणत, कारण ती घरी गणिताच्या शिकवण्या घेई. तिच्या पायांतलं बळ लहानपणीच गेलं होतं आणि अलीकडे खांद्यांतही फारसा जोर उरला नव्हता. पण बॅटरीच्या खुर्चीत बसून ती स्वयंपाकाच्या ओट्यापासून, लिफ्टनं खाली उतरून, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत कुठेही जायची. भाचीच्या गावी जायचं तर विमानानंच जावं लागणार होतं, आणि विमानात ती कधी बसली नव्हती. तरी तिनं लगेच होकार दिला.

घराच्या तळमजल्यावर दादाचं, म्हणजे तिच्या थोरल्या भावाचं आणि भाचीच्या बापाचं, लेथचं वर्कशॉप होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि घडीची हलकी खुर्ची ने म्हणाला. हे धूड दोन माणसांच्या वजनाचं, सामानात आदळलं-मोडलं तर तिकडे कोणाच्या तोंडाकडे बघणार? त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

"दादा, ती पडून राहणार," मास्तरीण म्हणाली. "मग मला ढकलणार कोण? मला तिथं पाहुणी म्हणून जायचं नाहीये."

दादा टेप घेऊन खुर्ची मोजायला बसला. विमान कंपनीच्या मुलीनं फोनवर खुर्चीची उंची विचारली, वजन विचारलं, बॅटरी ओली, म्हणजे आतलं ॲसिड सांडू शकेल अशी, की कोरडी ते पुन्हा पुन्हा विचारलं. पाठ खाली दुमडली तर खुर्ची सामानाच्या दारातून आत जात होती. खुर्ची चालवायची जॉयस्टिक काढून मास्तरणीनं स्वतःजवळ ठेवायची, बसायची गादीही सोबत घ्यायची, असं ठरलं. मोटर सोडवून चाकं मोकळी करायचा दांडा कुणालाही चटकन दिसावा म्हणून दादानं तो लाल रंगवला. खुर्चीची तयारी झाली.

राहिली ती तिची. विमानाच्या दाराशी खुर्ची काढून घेणार होते. तिथून दोन परकी माणसं तिला उचलून एका अरुंद खुर्चीत ठेवणार, आणि त्या खुर्चीतून पुन्हा उचलून सीटवर. आजवर तिला आईनं उचललं होतं, वहिनीनं उचललं होतं आणि दादानं. परक्याचा हात कधी लागला नव्हता. तिनं समोरच्या बिऱ्हाडातल्या बसड्रायव्हरला आणि त्याच्या बायकोला बोलावलं. जेवणाच्या खुर्च्या एकामागे एक, अगदी खेटून लावल्या आणि म्हणाली, हे विमान, मला आत बसवा.

ड्रायव्हर पुढे झाला, पण हात कुठे घालावा ते त्याला कळेना. "मी कधी प्रवाशांना हात लावला नाही," तो ओशाळून म्हणाला.

"हातच काय, बघतसुद्धा नाहीत त्यांच्याकडे," बायको म्हणाली.

पहिल्या खेपेला मास्तरणीचा पाय खुर्चीत अडकला आणि ती तिरकी लोंबकळली. जन्मभर पोरांना पायरी पायरीनं गणितं समजावली, पण स्वतःला कसं उचलायचं ते सांगायला शब्दच सापडेनात. घरात ते कधी सांगावंच लागलं नव्हतं. जरा दम खाऊन तिनं पुन्हा सुरुवात केली. आधी मला विचारा, मग हात लावा. एकानं मागून, एकानं गुडघ्यांखालून. मी 'चला' म्हटल्यावर दोघांनी एकदम.

"आणि डाव्या काखेत जोर देऊ नका," ती म्हणाली. "तो खांदा दुखतो."

दादा दारात उभा राहून बघत होता. तो खाली निघून गेला.

संध्याकाळी तिला पलंगावर घ्यायला आला तेव्हा तो हात लावण्याआधी थांबला. मग म्हणाला, "खांदा कधीपासून दुखतोय?"

"वहिनी होती तेव्हापासून."

"मी रोज तिथंच धरतो. बोलली नाहीस कधी."

"तू उचलतोस हेच खूप वाटायचं. त्यात आणखी तक्रार कुठे करायची?"

दादानं हात पुढे केले. "आता कसं धरू ते सांग," तो म्हणाला. तिनं सांगितलं. त्याला पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा जमलं.

जायच्या दिवशी तिनं सकाळपासून घोटभरच पाणी घेतलं, कारण विमानातल्या संडासापर्यंत जाणं तिला शक्य नव्हतं. विमानाच्या दाराशी आलेल्या दोघांपैकी एकानं सरळ काखेत हात घातला. "थांबा, आधी मला विचारा," ती म्हणाली. तो थांबला, माफ करा म्हणाला आणि तिनं सांगितलं तसं धरलं. सीटवर टेकल्यावर तिनं जॉयस्टिकची पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि विमान उतरेपर्यंत सोडली नाही.

खुर्ची मिळाली ती जखमी होऊन. मागचा पत्रा आत दबला होता. न्यायला आलेल्या जावयाचं तोंड उतरलं. मास्तरणीनं जॉयस्टिक बसवली, बटण दाबलं. खुर्ची खर्र खर्र करत चालू लागली.

भाचीच्या घरी पोचल्याबरोबर तिनं दादाला फोन लावला. दादानं फोन चाकाजवळ धरायला लावला, जरा पुढे, जरा मागे. पत्रा घासतोय, मोटरला काही झालेलं नाही, तो म्हणाला, आणि कुठला बोल्ट सैल करायचा ते त्यानं जावयाला सांगितलं. नट हातातून दोनदा निसटून कपाटाखाली गेला, पण आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी, तिनं सांगितलं तसं धरून तिला खुर्चीत बसवून जावई कामावर गेल्यावर, मास्तरणीनं भाचीला चहा करून दिला, औषध दिलं, दारावर आलेल्या माणसाला वाटेला लावलं. भाची कुशीवर वळून झोपली. घर शांत झालं. मास्तरीण कुणालाही हाक न मारता खुर्ची वळवून बाहेरच्या खोलीत गेली, तिथून गॅलरीत. खाली एक बाई सायकल पुसत होती. बघण्यासारखं तसं काहीच नव्हतं, तरी ती बघत राहिली.

"आत्या, कुठे गेलीस?" आतून झोपाळलेला आवाज आला.

"आहे गं इथंच," ती म्हणाली. "सहज आलेय बाहेर."