पेटीचा बाक

ठकीचा दादा आणि ठकीचा नवरा कोर्टात समोरासमोर उभे राहिले ते पेरणी यंत्राच्या पेटीपायी. बियाणं भरायची ती पेटी साध्या पत्र्याचीच होती, पण तिच्या पाठीला असा डौलदार बाक होता की लांबून बघूनही ओळखावी. तो आकार दादाने फरशीवर खडूने काढला होता. पत्रा ठोकून ठोकून तो उतरवला होता दादाच्या हाताखालच्या वेल्डरने. त्याच वेल्डरशी ठकीचं जमलं आणि दादानेच हौसेने लग्न लावून दिलं.

पुढे दादाने त्या डिझाइनची नोंदणी केली ती एकट्याच्या नावावर. नवऱ्याच्या ते जिव्हारी लागलं. "माझे हात काय भाड्याने आणले होते?" एवढंच तो म्हणाला आणि वेगळं वर्कशॉप थाटून बसला. तिथूनही तशाच पेट्या बाहेर पडू लागल्या. दादाने नकलेचा दावा ठोकला. कोर्टाचा माणूस यंत्रांना सील लावायला आला, तेव्हा नवरा घरातच बसून राहिला. वर्कशॉपचं शटर ठकीने वर केलं.

नवऱ्याच्या वकिलाने पळवाट काढली. नोंदणीच्या आधीच त्या आकाराची यंत्रं बाजारात विकली गेली असतील, तर नोंदणीच टिकत नाही. आणि तेव्हा दादाच्या दुकानात विक्रीला बसायची ठकी.

"मला नका ओढू यात," ती नवऱ्याला म्हणाली.

"खोटं बोल म्हणतोय का मी? घडलं ते सांग."

वहिनीचा फोन आला. "वन्सं, आठवत नाही म्हणा. तेवढ्याने आमचं घर वाचेल."

साक्षीच्या दिवशी वकिलाने विचारलं, "नोंदणीच्या आधी तुम्ही ही यंत्रं विकली होती?"

ठकीला आठवलं. पहिलं यंत्र विकलं गेलं त्या दिवशी दादा लहान मुलासारखा नाचला होता. "ठके, तुझ्या हाताला यश आहे," म्हणाला होता. ते विसरले म्हणायचं?

"हो," ती म्हणाली. "पहिलं मीच विकलं."

दादाने वर पाहिलं नाही. चष्मा काढून तो पुसतच राहिला.

नोंदणी रद्द झाली. नवरा जिंकला खरा, पण घरी येऊन बूटही न काढता बसून राहिला. आता तो आकार कुणाच्याच मालकीचा नव्हता. पुढच्या हंगामात एका मोठ्या कारखान्याने तशाच पेट्या धडाधड काढल्या, त्याही स्वस्तात. नवऱ्याची गिऱ्हाइकं पांगली. दादाने तर वर्कशॉपच विकायला काढलं.

हे कळल्यावर ठकी त्याच्या घरी गेली. नवरा स्कूटरवरून सोडायला आला, पण फाटकाबाहेरच थांबला.

"रागावलायस, दादा?"

"खरं तेच बोललीस. राग कसला धरू?" दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला. "पण डोक्याला पटतं ते मनाला अजून पटत नाही गं. थोडे दिवस येऊ नकोस."

वहिनीने पाण्याचा पेला पुढे केला. ठकीला तो घेववला नाही.

बाहेर आल्यावर नवऱ्याने विचारलं, "काय म्हणाला?"

तिने फाटकाची कडी लावली.  तो स्कूटर स्टँडला लावून फाटकातून आत गेला आणि त्याने दार वाजवलं.

"दादा, मी आहे."

आत कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. दार मात्र उघडलं नाही.