वाळूतलं बी

द्रिनाने बादलीतल्या कोरड्या वाळूत दोन्ही हात घातले आणि बी तिच्यात सारखं मिसळलं. डेझीचं बी कागदाच्या कपट्यासारखं. नुसतं फेकलं तर वारा ते शेजाऱ्याच्या अंगणात नेऊन पेरतो. म्हणून वाळू. तिच्या नवऱ्याने, आबेलने, हे बी मागच्या वसंतात शेळ्यांमागे फिरताना, पावलोपावली दम खात गोळा केलं होतं. ताजं बी हट्टी असतं, रुजत नाही. त्याला एक उन्हाळा झोपू द्यावं लागतं. त्याच उन्हाळ्यात आबेलही झोपला. आता नामाक्वालँडच्या डोंगरांवर हिवाळी पावसाचे ढग आले होते. त्याने जमवलेलं त्याच्याच अंगावर पेरायचं, एवढं एक काम द्रिनाने स्वतःसाठी राखून ठेवलं होतं.

लेक डेलीन केपटाउनहून सिमेंट घेऊन आली होती. बापाच्या मातीला तिला सुट्टी मिळाली नव्हती.

"सगळी कबरच झाकून टाकू, आई. लोक म्हणतात, लेक शहरात कमावते आणि बाप उघड्यावर."

"जन्मभर उघड्यावरच होता. झाकलंस तर गुदमरेल," द्रिना म्हणाली. "कडेने बांध हवं तर. मधली माती माझी."

"बरं बाई, मधली तुझी."

डेलीनने आधी ती मधली माती हातांनी मोकळी करून दिली. मग गावातला एकुलता एक गवंडी, म्हातारा कूपी, कडेच्या विटा चाचपत लावू लागला. त्याला आता दिसत कमी होतं.

"आबेल असता तर म्हणाला असता, कूप्या, भिंत वाकडी आहे."

"आहेच," द्रिना म्हणाली.

सिमेंटचे शिंतोडे उडायचे थांबले की बी टाकू, असं ठरवून तिने बादली झुडपाआड ठेवली आणि ती कॉफी आणायला घरी गेली.

परतली तेव्हा कड पुरी होत आली होती. डेलीनच्या भुवयांवर सिमेंट वाळलं होतं. आल्यापासून ओढलेला तिचा चेहरा जरा सैल झाला होता.

"वाळू कमी पडली बघ. बरं झालं तू एक बादली आणून ठेवलीस."

झुडपाजवळ बादली रिकामी, आडवी पडली होती.

"भुसकट फार होतं हं तिच्यात," कूपी म्हणाला. पाटीच्या काठाला राहिलेली चिमूट त्याने बोटांत चुरली, डोळ्यांजवळ नेली. मग त्याने सावकाश टोपी काढली. तो तोंड उघडणार, तोच द्रिनाने कॉफीचा मग त्याच्या हातात कोंबला.

"पी. निवतेय."

डेलीन गुडघ्यांवर बसून ओली कड बोटांनी गुळगुळीत करत होती. कागदाच्या कपट्यासारखी एक पातळ चकती तिथे चिकटली होती. तिने ती नखाने काढली, फुंकून टाकली.

"शोभतंय ना गं?"

"शोभतंय."

"आता कोणी काही म्हणायचं नाही." मग तिला आठवलं. "तुझं बी? ते टाकायचं राहिलं."

मोकळी केलेली माती समोर पसरली होती. तिच्यात एक खडाही नव्हता.

"टाकलं मी," द्रिना म्हणाली. "मघाशीच. कॉफीला जायच्या आधी."

कूपीने मगात पाहिलं.

"मग तुडवायला नको? बाबा वरून शेळ्या फिरवायचे. खुरांनी दाबल्याशिवाय बी माती धरत नाही म्हणायचे."

"शेळ्या आणल्या तर पाद्री आपल्यालाच इथे गाडेल," कूपी खाकरून म्हणाला.

डेलीनने शहरातले बूट काढले. मोजे काढले. ओली कड जपून ओलांडून ती आत उतरली आणि थबकली.

"लहानपणी बाबांची पाठ तुडवायचे ना, तशीच?"

"तशीच. हळू."

ती छोटी छोटी पावलं टाकू लागली. टाच, मग बोटं. अर्ध्यावर तिचे खांदे हलायला लागले. तिचा तोल जाऊ नये म्हणून द्रिनाने कडेबाहेरून तिचा हात धरला आणि तिच्याबरोबर चालू लागली.

"झालं का गं सगळं?" डेलीनने बाहीने नाक पुसलं.

"तो कोपरा राहिला," द्रिना म्हणाली. "तिथेही टाकलंय."