उजव्या हाताचं माप

घाबरू नका मित्रांनो, मी कुरतडणारा नव्हे. मी कॉम्प्युटरचा एक जुना, करडा माऊस आहे. दिसायला अगदीच साधा, दोन्ही बाजूंनी सारखा. ना कुठे बाक, ना उंचवटा. बारा वर्षं मी एका वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी केल्या. "हा बिचारा कधी कुरकुरत नाही," असं ग्रंथपालबाई कौतुकाने सांगायच्या. पुढे माझी वायर मानेपाशी तुटली, तळव्याच्या पट्ट्या झिजल्या आणि मी दुरुस्तीच्या दुकानातल्या खोक्यात जाऊन पडलो. तिथे कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

एका सोमवारी शेजारच्या गल्लीतले बूट शिवणारे काका दुकानात आले. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, घरबसल्या इमारतींचे नकाशे काढायचं काम मिळायचं. पडून त्यांचा उजवा खांदा मोडला होता, हात झोळीत होता. शनिवारपर्यंत एका दवाखान्याचा नकाशा गेला नाही, तर ते काम कायमचं दुसऱ्याकडे जाणार होतं. म्हणून काकूंनी डाव्या हाताने काम करायचं ठरवलं होतं. पण घरातला माऊस डाव्या हातात बसेना.

काकांनी खिशातून पेन्सिलने पंजा रेखाटलेला कागद बाहेर काढला. "या मापाचा माऊस द्या."

दुकानदाराने हसतहसत कागदावर एकेक माऊस ठेवून पाहिला. एक महागडा, बाकदार माऊस असा चपखल बसला की खरं सांगतो, मला हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी काका परत हजर! चेहरा एवढासा झालेला.

"काय हो काका, बसला नाही?"

"अहो, ती झोपलेली असताना गुपचूप माप घेतलं, तेही उजव्या हाताचं! आमच्या धंद्यात उजवा पाय मापायचा आणि कागद उलटा करून डावा बूट कापायचा. हात सवयीने गेला. ती मात्र 'छान आहे हो' म्हणाली. सकाळी पाहतो तर माऊस उलटा धरून धडपडतेय, डोळ्यांत पाणी!"

"काका, बूट जोडीने येतात, माऊस नाही," दुकानदार म्हणाला. "डाव्या हाताचा मागवावा लागेल. महाग पडेल, आणि आठवडा जाईल."

"आठवडा कुठून आणू? हे खोकं काय आहे?"

काकांनी खोकं उपसलं आणि मी त्यांच्या हाती लागलो. त्यांनी मला उजव्या हातात धरलं, मग डाव्या. "हाच!" ते ओरडले. मित्रांनो, माझ्या साधेपणाला कुणी असं ओरडून पसंत केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

दुकानदाराने वायर जोडून दिली. घरी काकांनी माझ्या मानेभोवती चामड्याची पट्टी शिवली आणि खाली मऊ लोकरी बनातीचे चार तळवे चिकटवले.

"अहो, माऊसला कुणी तळवे लावतं का?" काकू म्हणाल्या.

"मग काय अनवाणी चालवणार त्याला?"

काकू पोट धरून हसल्या. पडल्यापासून पहिल्यांदाच, असं काका म्हणाले.

पहिले दोन दिवस आमच्या रेघा वेड्यावाकड्या गेल्या. काकू चिडायच्या, मला आपटायच्या, मग लगेच हात फिरवायच्या. शुक्रवारी भिंती सरळ आल्या. शनिवारी दुपारी नकाशा गेला आणि संध्याकाळी उत्तर आलं: पुढचा नकाशा कधी घेता?

तीन महिन्यांनी काकूंची झोळी सुटली. मला वाटलं, आता पुन्हा खोकं! पण काकूंनी मला उचललं आणि कीबोर्डच्या पलीकडे, उजवीकडे ठेवलं. "चल रे, आता या हाताला शिकव," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, वस्तू टाकून देण्याआधी तिला एकदा उलटून पाहा. कदाचित तिचे फक्त तळवे झिजले असतील. काकांच्या मापांच्या वहीत गावभरच्या पायांची चित्रं आहेत. त्यात एकाच पानावर हात आहे, काकूंचा डावा. आणि त्या हाताच्या मुठीत, पेन्सिलीने काढलेला, मी आहे.