आयत्या वेळचे विषय

विषय क्र. १ : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.

वाचलं. कायम झालं. मागच्या वर्षी सचिवाच्या निवडीला वर्गप्रतिनिधी रुपाली 'गैरहजर' होती, असं त्यात होतं.

गैरहजर! हा शब्द रुपालीनं वर्षभर दाताखाली धरला होता.

इतिवृत्तात जे नाही ते असं : त्या वर्षी सचिवपदाला ती उभी राहणार होती. आदल्या दिवशी अनिकेत गाडी घेऊन आला. "सगळे प्रतिनिधी धरणावर चालले. संध्याकाळी वापस." पुसदच्या पुढं, एका शेतघरात, सगळ्यांचे मोबाइल पिशवीत गेले आणि फाटकाला कुलूप लागलं. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना मत द्यायला नेलं, तिला एकटीला आत ठेवलं; सोडलं तेव्हा अनिकेत सचिव होऊन गळ्यात हार घालून फिरत होता. तिनं तक्रार केली तर तो कँटीनमध्ये सगळ्यांदेखत हसला, "हौसेनं आलती ते. रातभर राह्यली बी."

हे वाक्य तिच्या आधी तिच्या गावी, मारेगावला पोचलं. तिच्या बापानं, पंजाबरावांनी, काही विचारलं नाही. हॉस्टेलातून पेटी उचलली आणि तिला नेरला जयाआत्याकडे नेऊन ठेवलं. तेव्हापासून रोज एसटीनं कॉलेज, आणि बापाचं बोलणं 'जेवली का' एवढंच.

तिला पद नको होतं. ते वाक्य अनिकेतच्या घशात परत कोंबायचं होतं.

विषय क्र. २ : परिषदेची रचना, माहितीस्तव.

पूर्वी कॉलेजात खुल्या निवडणुका व्हायच्या. मारामाऱ्या झाल्या, मुडदे पडले, निवडणुका बंद झाल्या. मग मार्कांवर वर्गप्रतिनिधी, आणि त्यांनी निवडायचा सचिव. पुढं कायद्यात निवडणूक परत आली. या कॉलेजात काही आली नाही. टिकलं ते एकच : मतदार पळवणं. अनिकेतच्या वकील बापानंही आपल्या काळी मतदार चिखलदऱ्याला नेऊन लपवले होते. घरात ही गोष्ट दिवाळीला सांगायचे. अनिकेतला मार्क नव्हते, पण प्राचार्यांनी त्याला 'सांस्कृतिक'मधून परिषदेवर घेतलं होतं. स्टेजवर त्याला कोणी कधी पाहिलं नव्हतं.

विषय क्र. २-अ : (कार्यक्रमपत्रिकेत नाही.)

यंदा रुपाली स्वतःच त्याच्याकडे गेली.

"मागच्या साली मी उगाच तोंड वाकडं केलं, दादा. यंदा तुमच्याकडून. नव्या पोरीही घेऊन येते. फक्त माझी आत्या सोबत राहीन."

"आत्या कायले?"

"सैपाकाले."

अनिकेत खूश झाला. कपिलला, त्याच्या उजव्या हाताला, म्हणाला, "पाय बे, सवय लागली हिले."

तेच शेतघर, तीच पिशवी. अनिकेत दारात सोडून शहरात परतला, फाटकावर कपिल. आत सगळी मतं एका सतरंजीवर. त्यांना दुसरं कोणी भेटू नये, हा बंदोबस्त अनिकेतनंच केला होता. रुपालीला वर्षभरात एवढे कान एका जागी मिळाले नव्हते.

जयाआत्यानं भाकरी वाढता वाढता सुरुवात केली. "कोनाच्या मतावर जेवून राह्यले बापा तुम्ही?"

पोरं हसली. मग रुपाली बोलली. काहीही न गाळता, कँटीनमधल्या वाक्यासकट. पहिल्या वर्षाची मोनाली ताटावरून उठली.

"म्हणजे उद्या माह्याबद्दलही असंच बोलन का तो?"

"बोलन," रुपाली म्हणाली. "म्हणून तर आत्या आणली."

कपिलनं दारातून ऐकलं. पण अनिकेतला कळवणार कसा? फाटकाची किल्ली अनिकेतकडे, आणि नियम म्हणून कपिलचाही मोबाइल त्याच कुलूपबंद पिशवीत, पिशवी शहरात.

विषय क्र. ३ : सचिवाची निवड.

सकाळी अनिकेत स्वतः गाडी घेऊन आला; कपिल काही सांगू लागला तर 'मंग सांग बे' म्हणत त्याला भांडी आवरायला मागंच ठेवलं, सगळ्यांना सभेला आणलं आणि दारात मोबाइल परत दिले. प्राचार्यांनी नावं मागितली. 'सांस्कृतिक'च्या कोट्यातल्याच एका मित्रानं अनिकेतचं नाव सुचवलं.

"अनुमोदन?"

अनिकेतनं रात्री सतरंजीवर जेवलेल्या एकेका तोंडाकडे पाहिलं. प्रत्येकानं त्याच्याकडे नीट, सरळ पाहिलं, आणि हात मांडीवरच ठेवला.

मग मोनालीचं नाव आलं. हात वर गेले. अनिकेतचा चेहरा उतरत होता आणि रुपाली तो डोळे भरून पाहत होती. पण तिचं पोट भरलं नव्हतं.

विषय क्र. ४ : आयत्या वेळचे विषय.

रुपाली उभी राहिली. "सर, अभिनंदनाचा ठराव. धरणावरच्या सहलीचं आयोजन केल्याबद्दल श्री. अनिकेत यांचं. यंदाच्या आणि मागच्या वर्षीच्या."

"कोणती सहल?" प्राचार्यांचा पेन थांबला.

"बस व, रुपाली," अनिकेत दातांतून बोलला. "तुहीच इज्जत जाईन."

"मागच्या साली तूच नेली ते. आज वापस घ्यायले आली."

आणि तिनं सांगितलं. कुलूप, पिशवी, ते वाक्य. कोण कोण होतं असं प्राचार्यांनी विचारलं, तेव्हा रात्री सतरंजीवर असलेले सगळे हात परत वर गेले.

"गैरहजर नव्हती सर मी. कोंडलेली होती. तसं लिवा."

प्राचार्यांनी लिहिलं. अनिकेत उठायला लागला.

"थांब ना," ती म्हणाली. "सर, आता त्यालेच द्या वाचायले. मोठ्यानं. मी मारेगावले फोन लावते, बाबाले ऐकू द्या."