पाच मिनिटं चाळीस सेकंद

“ताई, अहो ताई, हे बघाच!” प्लास्टर कालवणाऱ्या सहकाऱ्याने पांढऱ्या हातांनीच मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. पडद्यावर एक गलेलठ्ठ मांजर कपाटावरून उडी मारायच्या बेतात होतं आणि मागे एक बाई जीव तोडून गात होती, “थांब, थांब, थांब...” मांजर काही थांबलं नाही. थेट खालच्या केकवर आदळलं. सहकाऱ्याची हसून मुरकुंडी वळली.

ती कवळीवर मेणाची हिरडी चढवत होती. “छान आहे,” म्हणाली आणि मेण लावायची सुरी पुन्हा ज्योतीवर धरली. ती गाणारी बाई मीच, हे सांगावंसं तिला वाटलं नाही.

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात ती सोळा वर्षं होती. त्यातली अकरा वर्षं दर रविवारी गॅरेजचं शटर ओढून तिचा चौघांचा बँड वाजवत आला होता. गिटारवाला शाळेत भूगोल शिकवायचा; तो तिला लाडाने ‘कवळी’ म्हणायचा. अकरा वर्षांनी एकदाचा पहिला अल्बम निघाला. नऊ गाणी. त्यातलं सातवं तिच्या बाबांवरचं.

बाबांना पक्षाघात झाला तेव्हा सगळी भाषा गेली होती, एक शब्द तेवढा मागे राहिला होता. चमचा तोंडाशी नेला की थांब. दिवा मालवला की थांब. डॉक्टर जायला निघाले की थांब. अडीच वर्षं ते असेच होते. ते गेल्यावर चार वर्षं ती त्या एका शब्दाभोवती घुटमळत राहिली, आणि मग ते पाच मिनिटं चाळीस सेकंदांचं गाणं झालं. त्यापेक्षा खरं आपल्या हातून कधी काही होणार नाही, असं तिला वाटत होतं.

एका मासिकातल्या समीक्षकाने अल्बमला पाचपैकी अडीच तारे दिले. अडतीस वर्षांच्या तिला आणि केस पांढरे झालेल्या गिटारवाल्याला त्याने ‘होतकरू’ म्हटलं होतं. सातव्या गाण्याबद्दल एकच वाक्य होतं: “एकच शब्द घोळवत राहण्याला गीतलेखन म्हणत नाहीत.” तिने त्याला मोठं पत्र लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि शेवटी धीर करून पाठवलं. उत्तर आलं, “आपली नाराजी समजू शकतो. पुढील वाटचालीस शुभेच्छा.”

त्यानंतर कुणीतरी त्यातले वीस सेकंद उचलून त्या मांजराला चिकटवले. मग कुत्री आली, चिखलात घसरणारी पोरं आली, उतू जाणारं दूध आलं.

“अगं कवळे, चार लाख लोक!” गिटारवाला फोनवर ओरडला.

“वीस सेकंद ऐकतायत.”

“ऐकतायत ना पण?”

“मांजर बघतायत रे ते. पूर्ण गाणं लावतात ना, ते अर्ध्या मिनिटात पळून जातात. आकडे दिसतात मला.”

“तू ना, सुखाने जगू नकोस. रविवारच्या कार्यक्रमाची सगळी तिकिटं गेलीत, कळलं? ‘थांब’ सुरुवातीला घेऊ आणि शेवटी परत एकदा.”

“एकदाच. आणि पूर्ण,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला.

त्या संध्याकाळी ती घरी आली तर आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. बाबा गेल्यापासून आई तिच्याकडेच असायची.

“शेजारीण सांगत होती, तुझं गाणं जिकडेतिकडे वाजतंय. मला नाही ऐकवलंस ते.”

“तुला नाही आवडायचं. फार दणदणाट आहे त्यात.”

“लाव.”

तिने लावलं. अर्धं मिनिट झालं, एक मिनिट झालं. आईचे हात एका उशीच्या अभ्र्यावर थांबले ते तसेच राहिले. ड्रम आले, गिटार किंचाळली, आई हलली नाही. पूर्ण पाच मिनिटं चाळीस सेकंद एका जागी बसून ते गाणं ऐकणारं माणूस ती पहिल्यांदाच बघत होती.

“संपलं?”

“हो.”

“ते असं नव्हते म्हणत.”

“म्हणजे?”

“‘थांब’ कुठे म्हणायचे? ‘थां’ म्हणायचे, की मी हातातलं टाकून उठायचे. पुढचं यायचंच नाही त्यांना. ओठ कुठे मिटत होते त्यांचे?”

“आई, मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय गं!”

“तू रविवारी यायचीस, तालमीच्या आधी तासभर. आल्या आल्या मीच तुला सांगायचे, बघ, थांब म्हणतायत. तेच धरून बसलीस तू.”

तिच्या डोक्यात तिडीक गेली. “सगळ्यांचं बोलून झालं, आता तू राहिली होतीस!”

“मी कुठे वाईट म्हटलं?” आईने अभ्र्याची घडी पुरी केली. “बरोबर नाही, एवढंच म्हटलं.”

दुसऱ्या दिवशी कामावर तिचं चित्त लागेना. वरच्या ओठाला आधार नसला की ब, प, म नीट उमटत नाहीत, हे ती सोळा वर्षं नवशिक्यांना शिकवत आली होती. परक्या माणसांच्या ओठांसाठी ती दात केसभर पुढे-मागे सरकवत बसायची. बाबांच्या ओठांकडे मात्र तिने कधी नीट पाहिलं नव्हतं. समीक्षकाला ते कळलं नव्हतं, चार लाखांना कळलं नव्हतं, आणि गाणं लिहिणारीलाही नाही. अल्बम तर निघून चुकला होता. त्यात आता एक अक्षर इकडचं तिकडे होणार नव्हतं.

रविवारी दुपारी हॉल खच्चून भरला. ती सातव्या गाण्यापर्यंत आली तसे सगळ्यांचे मोबाइल वर झाले. तिने डोळे मिटले आणि म्हटलं, “थां...”

“ब!” अख्खा हॉल ओरडला आणि खदखदून हसला.

ती पुन्हा म्हणाली, “थां...”

“ब!”

गिटारवाल्याने दचकून तिच्याकडे पाहिलं. ही शब्द विसरली की काय, असं त्याला वाटलं असावं. ती ओठ उघडे ठेवून गात राहिली आणि दर वेळी लोक तिचा शब्द पुरा करत राहिले. दोन मिनिटांनी मोबाइल एकेक करून खाली आले. हवा होता तो तुकडा मिळाला होता. कुणी गप्पांत रमलं, कुणी पाणी प्यायला बाहेर गेलं. गाणं संपत आलं, वाद्यं एकामागून एक बंद झाली आणि शेवटचा ‘थां’ तिने अगदी हलक्या आवाजात सोडला. या वेळी पुढचं अक्षर कुणीच जोडलं नाही.

मागच्या रांगेत आई खुर्चीचा हात धरून झटकन अर्धी उठली. क्षणभर तशीच वाकून राहिली. मग इकडेतिकडे बघत हळूच खाली बसली आणि घसरलेली पर्स तिने पुन्हा मांडीवर घेतली.